लीच डेक: गिनी एकदाचे सुटले

अँकी या पाठांतराच्या ॲपमधल्या ज्या चार कार्डांच्या (नावात ‘गिनी’ असलेल्या चार देशांच्या राजधान्या) नावानं मागच्या अपडेटमध्ये बोटं मोडली होती, ती चारही काल ओळीनं ‘गुड’ म्हणजे बरोबर गेली. कोनाक्री, बिसाऊ, मलाबो, पोर्ट मोर्सबी. जरासुद्धा न अडखळता!

आठ वेळा विसरलं की अँकी कार्ड ‘लीच’ (डोक्यात न बसणारं) ठरवून बाजूला टाकतं. मी ते परत आत घ्यायचो, ते परत बाहेर जायचं. मग एफएसआरएसमध्ये (अँकीचं वेळापत्रक ठरवणारा अल्गोरिदम) रिटेन्शन, म्हणजे किती लक्षात राहावं याचं लक्ष्य, ०.९० वरून ०.९५ केलं. रिव्ह्यू बेसुमार वाढले आणि गिनी होते तिथेच. साहजिक आहे. कार्ड कधी विचारायचं ते अल्गोरिदम ठरवतो. कशाची कशाशी गल्लत होतेय हे त्याला कुठून कळणार? यमकं जुळवूनही पाहिली. यमक पाठ होतं, देश हरवतो.

शेवटी चुकलेली उत्तरं लिहून काढली, तेव्हा चोर सापडला: बिसाऊ. गिनी-बिसाऊच्या नावातच राजधानी असल्यानं ते कार्ड सगळ्यात सोपं, म्हणून ‘गिनी’ दिसलं रे दिसलं की तोंडात बिसाऊच.

मग राजधान्या बाजूला ठेवून आधी राज्य कोणाचं होतं ते लावलं. गिनी फ्रेंचांचं, १९५८ च्या सार्वमतात द गॉलना ‘नाही’ म्हणून लगेच स्वतंत्र झालेलं. गिनी-बिसाऊ पोर्तुगीजांचं; घोषणा १९७३, पोर्तुगालची मान्यता १९७४. इक्वेटोरियल गिनी स्पॅनिश, १९६८. पापुआ न्यू गिनी ऑस्ट्रेलियाकडून, १९७५. हे तर दुसऱ्याच महासागरात, त्याला त्या डेकमधून (कार्डांच्या गठ्ठ्यातून) हाकललं. उरलेल्या तिघांसाठी एकच नकाशा, त्यावर इमेज ऑक्लूजन, म्हणजे नावं चौकोनांनी झाकून ओळखायची. इक्वेटोरियल गिनीचं मलाबो बिओको बेटावर आहे आणि ते बेट स्वतःच्या मुख्य भूमीपेक्षा कॅमेरूनच्या किनाऱ्याला जवळ, हे नकाशावर पाहिल्यावर ते कार्ड पुन्हा चुकलेलं नाही. शिवाय एक उलटं कार्ड: ‘राजधानी बेटावर असलेली गिनी कोणती?’ खरं काम यानंच केलं.

बाकी किरकोळ. सरावाच्या क्विझमध्ये ‘भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालेली एकमेव व्यक्ती’ आला आणि प्रश्न संपायच्या आत बार्डीन सांगितला (१९५६ ट्रान्झिस्टर, १९७२ अतिसंवाहकता). समोरचे क्युरी म्हणाले. क्युरींचं दुसरं नोबेल, १९११ चं, रसायनशास्त्राचं. त्या एका गुणावर दोन दिवस मजेत गेले.

आयत्या डेकांबद्दल माझं मत आणखी वाईट झालंय. परवा उतरवलेल्या एकात कझाकस्तानची राजधानी अजून नूर-सुलतान! २०२२ मध्येच ती पुन्हा अस्ताना झाली. बुरुंडीसमोर गितेगाऐवजी बुजुंबुरा. असं डेक दुरुस्त करण्यापेक्षा स्वतःचं बनवलेलं लवकर होतं.

पुढे संगीतकारांचं डेक सुरू करणार होतो. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की माझ्या लीच यादीतली बरीच कार्डं अशीच जोडीजोडीनं अडकलीत: चित्रकार मॅने आणि मोने, भौतिकशास्त्रज्ञ बोर आणि बॉर्न, डोमिनिका आणि डोमिनिकन रिपब्लिक. म्हणजे नवी भरती बंद, आधी या जोड्या फोडायच्या. सुरुवात दोन काँगोंपासून. ब्राझाव्हिल आणि किन्शासा एकाच नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, तेव्हा एकाच नकाशात काम भागेल. ऑक्लूजनचे चौकोन आज रात्रीच आखतो.