तेराव्या मुलापाशी तानाजी

नऊ वर्षांच्या मुलाला ‘तीनशे वर्षांपूर्वी’ म्हणजे काय कळतं? राम, शिवाजी महाराज आणि पणजोबा हे सगळे त्याच्या लेखी एकाच ‘पूर्वी’त राहतात. शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त लिहायला बसलो आणि चौथीच्या बाईंनी आमच्यासाठी तो ‘पूर्वी’ कसा उलगडून दाखवला, तेच पहिल्यांदा मनात आलं.

साल 1985. बाईंनी आम्हाला पटांगणात एका ओळीत उभं केलं. एक मूल म्हणजे पंचवीस वर्षं, साधारण एक पिढी. पहिल्याच मुलाशी पानशेतचा पूर आला. तिसऱ्याशी लोकमान्य टिळक गेले. पाचव्याच्या जरा पुढे 1857 चा उठाव. तानाजी मालुसरे मात्र थेट तेराव्या मुलापाशी! तेरावा होता आमच्यातला सगळ्यात बुटका. तिथून तो ओरडून विचारू लागला, “बाई, मी कोंढाण्यावर का?” मग कुणीतरी कार्ल्याच्या लेण्यांचं विचारलं. चारही वर्गांतली मुलं उभी केली तरी ओळ तिथवर पोहोचेना. काळाची लांबी मी त्या दिवशी पायांनी मोजली. पुढे कुठल्याही सनावळीने ती इतकी नीट समजावली नाही.

आपली शाळा सिंहगडाच्या पायथ्याची. गड रोज खिडकीतून दिसायचा, त्यामुळे तानाजीचा धडा आम्हाला पाठच होता. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेलेला गड, 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र, उदयभान, आणि अर्थात यशवंती घोरपड. घोरपडीवर आमचा फार जीव. बाईंनी विचारलं, “घोरपड होती हे कशावरून?” वर्ग गप्प. मग त्यांनी सांगितलं की घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. सभासदाच्या बखरीत मावळे वानरासारखे कडा चढून गेले असं आहे, घोरपडीचं नाव नाही. एक मुलगी रडवेली झाली, “म्हणजे घोरपड खोटी?” बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, “अगं, पोवाडा लोकांपुढे गायचा असतो. लोकांची तानाजीवर किती माया होती, ते घोरपड आपल्याला सांगते. गड कसा घेतला हे विचारायला मात्र आणखी चारजणांकडे जायचं.”

चारजणांकडे जायचं म्हणजे काय, तेही त्यांनी करूनच दाखवलं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला. त्या दिवशी काय पाहिलंत, एवढंच घरी विचारून यायचं होतं. दुसऱ्या दिवशी फळा भरून गेला. कुणाची आजी म्हणाली पाणी सकाळीच आलं, कुणाचे चुलते म्हणाले दुपारी. माझ्या आईला पाण्यापेक्षा गोठ्यातून सोडलेल्या म्हशी आठवत होत्या. “आता यातलं खोटं कोण बोलतंय?” बाईंनी विचारलं. आम्ही एकमेकांच्या घरच्यांवर आरोप करून मोकळे झालो. मग बाईंनी फळ्यावर नदी काढली आणि त्या दिवशी कोण कुठे होतं ते तिच्यावर मांडायला लावलं. आजी पानशेतकडच्या माहेरी होती, चुलते पुण्यात मंडईत. पाणी वरून खाली येत गेलं होतं, दोघंही खरं तेच सांगत होते!

लहान मुलांना इतिहास नुसता गोष्टीरूपच सांगावा, पुरावाबिरावा त्यांना झेपत नाही, असं आजही पुष्कळ शिक्षक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. गोष्ट हवीच. पण ‘कशावरून’ हा प्रश्न मूल एरवी दिवसभर विचारत असतं. इतिहासाच्या तासाला आपणच त्याला गप्प करतो आणि रिकाम्या जागा भरायला लावतो.

शाळेकडे एक मागणं आहे. पानशेतचा पूर डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. यंदाच्या चौथीच्या मुलांना त्यांच्याकडे पाठवा, ती सांगतील ते मुलांच्याच हस्ताक्षरात उतरवून घ्या आणि वही शाळेत ठेवा. आपल्या गावातल्या अशा आजी-आजोबांची यादी मी मुख्याध्यापकांकडे दिली आहे. आईचं नाव त्यात आहे. मुलं कधीही आली तरी चालतील, असं तिने सांगून ठेवलंय.