तीन आट्यांचा उतार

एकादशीला उचगावच्या आत्यानं रताळ्याचे काप करायला घेतले आणि चार-पाच चकत्यांनंतर सुरी खाली ठेवली. "ही डावीकडं सरकूलालीय बघ रे," म्हणाली. चकती हातात घेतली तर वरच्या कडेला पातळ आणि खाली जवळजवळ दुप्पट जाड. सुरी मीच केलेली. जीपच्या कमानपाट्याचं पान, पाणी नीट चढलेलं (म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक केलेलं), धारही कागद सरळ कापणारी. पण कच्चं रताळं म्हणजे कागद नव्हे. पातं त्यात रुतत जातं तसा दोन्ही अंगांवर दाब येतो, आणि एका अंगाला जास्त उतार असेल तर पातं दुसऱ्या अंगाकडं ढकललं जातं. आत्याला हे हातानं कळलं होतं. मला घरी येऊन पट्टी लावावी लागली. उजव्या अंगाचा उतार ३१ मिलीमीटर, डाव्याचा २२. धार मध्यावर नव्हतीच.

मला फार लागलं ते. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात मिलिंग मशीनवर असतो. आठ भोकं एका ओळीत पाडायची असली तरी आम्ही आधी जिग बघतो, म्हणजे काम दरवेळी एकाच मापात धरून ठेवणारा साचा, आणि घरी आल्यावर मात्र पातं नुसतं हातात धरून ग्राइंडरच्या बेल्टवर, म्हणजे फिरत्या खरकागदी पट्ट्यावर टेकवत होतो. आमच्या गल्लीतले लोहारमामा म्हणतात, जिग वापरलास की हात बसायचा नाही. मामांचा हात चाळीस वर्षांचा आहे, त्यांना ते शोभतं. मी महिन्याला दोन पाती घासतो. एवढ्या सरावावर माझ्या मनगटाला पात्याचा तीन अंशांचा कल कुठून कळणार? आत्याचं रताळं तर आजच कापायचं असतं.

म्हणून जिग केला. ५० बाय ५० चा, एल आकाराच्या लोखंडी अँगलचा तुकडा, उभ्या पायाला पातं धार वर करून दोन स्क्रूंनी आवळलेलं, आडवा पाय ग्राइंडरच्या टेबलावर सरकणारा. आडव्या पायाला मागं एक पट्टी वेल्ड केली आणि तिच्यात सहा मिलीमीटरचा बोल्ट बसवला. बोल्ट आवळला की मागची बाजू उचलते, पातं वरच्या टोकाला बेल्टकडं झुकतं. खरी गंमत बोल्टच्या जागेत आहे. या एम-६ बोल्टच्या आट्याचा पिच १ मिलीमीटर, म्हणजे एका फेरीत बोल्ट तेवढा पुढं सरकतो. जिगची पुढची कड ज्यावर टेकते तिथपासून बोल्ट बरोबर ५७.३ मिलीमीटरवर ठेवला, तर बोल्टचा एक पूर्ण आटा म्हणजे एक अंश. १८० भागिले π (३.१४) केलं की हा आकडा येतो. कोनमापक लागतच नाही.

आता माझं पातं ४ मिलीमीटर जाड. पाणी देण्याआधी धारेवर ०.८ ठेवतो, कारण त्याहून पातळ कड तेलात बुडवताना वाकते, कधी तडकतेही. म्हणजे प्रत्येक अंगातून १.६ मिलीमीटर काढायचं, ३० मिलीमीटर उंचीत. हिशेब ३ अंशांना किंचित वर जातो. गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून पातं बेल्टला समांतर करायचं, तो शून्य; तिथून तीन आटे.

पण जिगच्या आधी मध्यरेषा. पात्याच्या जाडीचाच, म्हणजे ४ चा ड्रिल घ्यायचा. पातं सपाट काचेवर आडवं ठेवायचं, ड्रिलही त्याच काचेवर आडवा, आणि त्याचं टोक कडेवरून ओढायचं. टोक ड्रिलच्या मध्यावर असतं, म्हणून ओरखडाही बरोबर मध्यावर उठतो. पातं उलटं करून पुन्हा ओढायचं. दोन रेषा उमटल्या तर त्या दोन्हींच्या मधली जागा खरी. कडेला आधी निळी शाई फासली तर रेषा लख्ख दिसते. ही रेषा पुसट असेल तर जिग कितीही चांगला असो, चूकसुद्धा तो तितक्याच इमानानं दोन्ही अंगांवर उतरवतो.

पहिल्या जिगनं मला फसवलंच. पहिलं अंग सुरेख झालं, दुसऱ्याला उतार कमी भरला. दोन दिवस मी पात्यात चूक शोधत होतो. शेवटी टेबलावरून बोट फिरवलं, तर बोल्टच्या टोकानं तिथं चर पाडलेला. चर अर्ध्या मिलीमीटरचा, म्हणजे अर्धा अंश गेला. आता बोल्टचं टोक घासून गोल केलंय आणि टेबलावर जाड काचेचा तुकडा चिकटवलाय. काचेवर धूळ साचते, ती दर दोन-चार फेऱ्यांनी पुसावी लागते. मास्क तर लागतोच, ती धूळ फुप्फुसात जायला नको.

सुरुवात ३६ नंबरच्या खरखरीत बेल्टवर, मग ६०, मग १२०. प्रत्येक अंगाला चार फेऱ्या की लगेच पातं उलटं. एकच अंग संपवून दुसऱ्याला हात घातला की पातं तापून वाकतं. टोकाकडं जिथं धार वळते तिथं जिग कामाचा नाही. तिथं तो जरा फिरवत न्यावा लागतो आणि ते हातानंच शिकावं लागतं. मामांचं म्हणणं तेवढ्यापुरतं मी मान्य करतो.

नवी सुरी आषाढात तयार झाली. इथल्या पावसात उघडं पातं एका रात्रीत तांबूस होतं, म्हणून तेल लावून फडक्यात गुंडाळून उचगावला नेली. आत्यानं सगळ्यात जाड रताळं निवडलं, मधोमध कापलं आणि दोन्ही अर्धी परातीत पालथी घातली. एकही डुगडुगलं नाही. "आता उसाच्या कोयत्याला असंच कर," म्हणाली. कोयत्याला सपाट उतार चालत नाही, त्याच्या धारेमागं पोट, म्हणजे फुगवटा लागतो, नाहीतर उसाच्या पेरावर कड तुटते. त्यासाठी मामांकडं जाऊन बसायचं ठरवलंय.