खटला हरल्यावर टिळक विलायतेत काय करत होते?

इतिहास शिकवतो म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. ब्रिटिश पत्रकार चिरोलवर टिळकांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्याचा निकाल फेब्रुवारी १९१९ मध्ये विरुद्ध लागला, मग लोकमान्य नोव्हेंबरपर्यंत लंडनला कशाला राहिले?

राहिले ते भारतमंत्री माँटेग्यूच्या राज्यकारभारातल्या सुधारणांसाठी. त्या सुधारणांचा अहवाल १९१८च्या जुलैत आला तेव्हा 'केसरी'ने विचारलं होतं, 'उजाडले, पण सूर्य कोठे आहे?' शिक्षण, आरोग्य असली खाती हिंदी, म्हणजे भारतीय, मंत्र्यांकडे. पोलीस आणि तिजोरी गव्हर्नरकडेच. पण विधेयक पार्लमेंटात येणार, संयुक्त समिती साक्षी घेणार. त्यात काही वाढवून घ्यायचं तर माणूस तिथे हवा.

गंमत म्हणजे त्या उन्हाळ्यात लंडनला हिंदी शिष्टमंडळांची रीघ लागली होती. काँग्रेसचं एक, सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारख्या मवाळांचं दुसरं, बेझंटबाईंचं तिसरं, मद्रासच्या जस्टिस पक्षाचं आणखी वेगळं. मवाळ म्हणत, मिळतंय ते आधी पदरात पाडून घ्या. जस्टिसवाल्यांना ब्राह्मणेतरांसाठी हमी हवी होती, आणि त्यांची धास्ती काही खोटी नव्हती. पलीकडे लॉर्ड सिडनहॅमसारखे एवढंही द्यायला राजी नव्हते. हे सिडनहॅम म्हणजे टिळकांच्या १९०८च्या राजद्रोहाच्या शिक्षेच्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर, जॉर्ज क्लार्क!

टिळकांचा मुक्काम हाउली प्लेसला, १० नंबरच्या घरात. तिथे त्यांच्या नावाची पाटी लागलेली आहे. त्यांनी मजूर पक्षाशी संधान बांधलं, पत्रकं काढली, समितीपुढे साक्ष दिली. पॅरिसच्या शांतता परिषदेला जायला परवाना मिळेना, तर परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना निवेदन धाडलं. काँग्रेसच्या ब्रिटिश कमिटीचं 'इंडिया' हे पत्र मवाळांकडे झुकलेलं. पैसा काँग्रेसचा तर म्हणणंही काँग्रेसचंच मांडा, असं त्यांनी ठणकावलं.

माझं मत विचाराल तर, हे सगळं मवाळांचे पुढारी गोखले यांचंच काम होतं. मागणी जास्त, आवाज चढा, पण वाट तीच. आमच्या पुण्यात हे बोललं की दोन्हीकडचे लोक रागावतात.

डिसेंबरात कायदा झाला. खात्यांची ती वाटणी, म्हणजे द्विदल पद्धत, कायम राहिली. काँग्रेसच्या अधिवेशनासाठी अमृतसरला जाताना टिळकांनी तार करून प्रतियोगी सहकारितेची, म्हणजे सरकार जितकं सहकार्य करील तितकंच आपण करायचं, अशी भूमिका जाहीर केली, आणि काँग्रेसने सुधारणा अपुऱ्या व निराशाजनक ठरवूनही राबवायचं मान्य केलं. माँटेग्यूचे आभार मानावेत हा आग्रह मात्र गांधीजींचा होता, आणि ठरावात ते मानलेही गेले. पुढल्या ऑगस्टात त्यांनीच असहकार पुकारला.