भायखळ्याचं डिसेक्शन टेबल

भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. त्याच्या अनॅटॉमी म्हणजे शरीररचनाशास्त्र विभागाचा इतिहास सांगायचा तर मी इमारतीआधी हेन्री व्हॅनडाइक कार्टरचं नाव घेईन. वैद्यकीचे विद्यार्थी ज्याला नुसतं 'ग्रे' म्हणतात, त्या १८५८च्या 'ग्रेज अनॅटॉमी' या ग्रंथातली चित्रं त्याने काढली. ग्रंथ छापून आला तेव्हा कार्टर मुंबईत पोहोचला होता आणि ग्रँटमध्ये अनॅटॉमी शिकवू लागला. नाव लेखक हेन्री ग्रेचं झालं. मुंबईने तरी कार्टरला विसरू नये.

संशोधन त्याने पायावर केलं. अनवाणी राबणाऱ्यांचा पाय वर्षानुवर्षं सुजत जातो, त्याला भोकं पडतात आणि पुवाबरोबर दाणे बाहेर येतात. शस्त्रक्रियेत काढलेले असे पाय कार्टरने चिरून पाहिले, हाडापर्यंत गेलेल्या पोकळ्या तपासल्या, काळे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि ही बुरशी असल्याचं मांडलं. या रोगावरचं, म्हणजे मायसेटोमावरचं त्याचं पुस्तक १८७४चं. काही प्रकार जिवाणूंमुळे होतात हे पुढे कळलं. म्हणून आजही दाण्याचा रंग आधी बघतात, कारण बुरशीचं औषध वेगळं आणि जिवाणूंचं वेगळं.

कार्टरच्या हाताशी फॉर्मालिन नव्हतं. ऊती टिकवायला त्याचा उपयोग होतो हे १८९३ साली उमगलं. आता विच्छेदनासाठी आलेला देह टिकवायला त्याच्या मांडीतली फीमोरल धमनी उघडून त्यातून फॉर्मालिन, ग्लिसरीन, फिनॉल आणि अल्कोहोलचं मिश्रण सावकाश सोडतात. एका देहाला साधारण आठ-दहा लिटर लागतं. फॉर्मालिन जास्त झालं तर स्नायू लाकडासारखे कडक होतात. ग्लिसरीन कमी पडलं तर बोटं सुकतात. फिनॉल कमी पडलं तर आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. दाब वाढवून घाई केली की चेहरा फुगतो. रक्ताची गुठळी अडकली तर तळवे मऊच राहतात, मग तिथे सुईने वेगळं द्रव भरावं लागतं.

गुठळ्या वेळ गेल्याने वाढतात. म्हणूनच देहदानात पहिले काही तास मोलाचे. शवविच्छेदन झालेला देह विभाग सहसा घेत नाही, कारण रक्तवाहिन्या कापल्या गेलेल्या असतात आणि द्रव गळून जातं. नेत्रदान मात्र आधी करता येतं. त्यानंतरही देह स्वीकारला जातो. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हाती ठेवून आधी विभागाला फोन करा, मग गाडी बोलवा.