पोट भरतं का?

‘एवढे पैसे मोजून पोट तरी भरतं का?’ कोपनहेगनच्या जेरेनियम या रेस्टॉरंटमध्ये मित्रांबरोबर जेवून आल्यापासून पुण्यातल्या मावशीपासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. भरतं. शेवटचे गोड पदार्थ येईपर्यंत तर आता पुरे, असं होतं. घास दोन-दोनच असतात, पण ते येतच राहतात, आणि मध्ये गरम पाव आणि लोणी येतं. त्या पावावर आमच्यातला एक जण इतका तुटून पडला की पुढचं सगळं त्याने नेटाने संपवलं.

पैसे? आम्ही गेलो तेव्हा माणशी चार हजारांच्या आसपास क्रोनर (डेन्मार्कचं चलन), पेयं वेगळी. शिवाय बुकिंग करतानाच भरायचे. रुपयांत हिशोब करायचा नाही असं आमचं ठरलं होतं. दुसऱ्या पदार्थालाच ते मोडलं.

जागा मजेशीर आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियमचा आठवा मजला. शेफ रासमुस कोफोड. बोक्यूझ दॉर या शेफ लोकांच्या जागतिक स्पर्धेत २००५ मध्ये कांस्य, २००७ मध्ये रौप्य आणि २०११ मध्ये सुवर्ण मिळवणारा हा गडी. पहिला नंबर येईपर्यंत सोडलंच नाही! २०१६ मध्ये तीन मिशलिन तारे, म्हणजे मिशलिन गाइडचा रेस्टॉरंटांसाठीचा सर्वोच्च दर्जा, मिळालेलं हे डेन्मार्कमधलं पहिलं रेस्टॉरंट.

मला खरं कौतुक वाटलं ते आंबटपणाचं. २००४ मध्ये उत्तर युरोपातल्या शेफ मंडळींनी जाहीरनामा काढला, की आपल्या मातीत, आपल्या हंगामात जे पिकतं त्यावर भर द्यायचा. मग लिंबू कुठून आणणार? आपल्याकडे कोकम आहे, चिंच आहे, कैरी आहे. त्यांनी ताक, व्हिनेगर, कच्ची फळं, आंबवलेल्या भाज्या आणि सी बकथॉर्न कामाला लावले. हे शेवटचं नारिंगी फळ आपल्या लडाखातही होतं. आंबट-खारटाची ती बेरीज कोकणातल्या माणसाला परकी वाटत नाही. तिखट मात्र विसरा.

इथला नावाजलेला पदार्थ म्हणजे रेझर क्लॅम. लांबुळकी शिंपली, आणि तिचं कवच पिठाचं, शेवाळाने रंगवलेलं. आमच्या एका मैत्रिणीने तिसऱ्या (शिंपल्या) खाताना कवच टाकतात तसं ते बाजूला काढून ठेवलं. वाढणाऱ्याने हसून सांगितलं, तेही खायचंय.

मित्रांबरोबर जाण्याचा फायदा असा की मागवण्याची भानगडच नाही. सगळ्यांपुढे एकाच वेळी एकच पदार्थ येतो, आणि त्याच पदार्थावरून भांडता येतं. वाइनऐवजी फळा-भाज्यांच्या रसांची जोडी घ्या. मला ती जास्त आवडली.

मावशीचा पुढचा प्रश्न होता, शाकाहारी माणसाचं काय? जानेवारी २०२२ पासून जेरेनियमने मांस बंद केलंय खरं, पण मासे आणि शिंपले आहेतच. तेव्हा बुकिंगच्या आधी विचारून घ्या, टेबलावर बसल्यावर नको.