तुम्ही विचारलंत म्हणून: घरचे बटाटे परवडतात का?

दरवर्षी फेब्रुवारीत मी टेरेसवर पिशव्या उपड्या करून बटाटे काढते आणि बहिणींच्या ग्रुपवर फोटो टाकते, की तासाभरात कुणीतरी विचारतंच, अगं पण हे परवडतं का? मंडईत तीस रुपये किलो मिळतात. समोरच्या काकू विचारतात, दूधवाला विचारतो, गेल्या वर्षी तर सिलेंडर घेऊन आलेल्या पोरानेही विचारलं. मी दरवेळी हसून काहीतरी बोलते आणि विषय बदलते, पण आता एकदाच नीट लिहून टाकते म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

तर, नाही परवडत.

हिशोब आहे माझ्याकडे, उगाच नाही बोलत. ज्या वर्षी पहिल्यांदा व्यवस्थित तयारीने लावले त्या वर्षी १५ बाय १५ इंचांच्या चार ग्रो बॅगा ३२० रुपये, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) एक वीट २००, गांडूळखत १८०, निंबोळी पेंड ६० आणि बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, ५०. झाले ८१०. निघाले किती, तर ४ किलो २०० ग्रॅम. म्हणजे किलोला १९३ रुपये. आमच्या ह्यांनी वहीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. दुसऱ्या वर्षी पिशव्या त्याच, कोकोपीट तेच, फक्त खत, पेंड आणि बेणं आणलं, २९० रुपयांत ५ किलो १०० ग्रॅम निघाले, तरी सत्तावन्न रुपये पडलेच. शिवाय ह्यात माझी कंबर धरलेलीच नाही.

परवडायचंच असेल तर कोथिंबीर लावा. पावसाळ्यात जुडी चाळीस-पन्नासला जाते आणि त्या जुडीतला निम्मा चिखल असतो, त्यापेक्षा स्वयंपाकघरातलेच मूठभर धने घ्यायचे, लाटण्याने हलकेच रगडून एकाचे दोन करायचे, रात्रभर भिजवून पसरायचे. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही आणि माणूस नाद सोडतो, तेवढ्यात उगवते. मेथीला तर तेवढाही धीर नको. अळू एकदा टबात लावलं की तुम्ही कंटाळाल, ते नाही कंटाळत. ह्या सगळ्यांत पैसे वाचतात, मी मान्य करते. बटाट्यात नाही वाचत, आणि तरी ऑक्टोबर लागला की मला बाकी सगळं सोडून त्याचीच घाई होते.

आता हे का, ते सांगायचं तर आधी माझं आजोळ सांगायला लागेल. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला मंचरच्या अलीकडे पेठच्या बाजूने वर चढलं की सातगाव पठार लागतं. तिथे पावसाळ्यात पावसाच्या पाण्यावर बटाटा होतो, बाकी महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यात लावतात. आता तिथे चिप्सवाल्या कंपन्यांचे करार वगैरे झालेत, आमच्या लहानपणी तसलं काही नव्हतं. सहामाहीच्या सुट्टीत आम्ही पोहोचायचो तेव्हा शेवटची काढणी चाललेली असायची. पुढे बैलांचा नांगर आणि मागे बायका वाकून वेचणार. भाव नसला तर बाजारात न नेता झाडाच्या सावलीत ढीग रचायचे आणि वरून पालापाचोळा घालून झाकायचे, त्याला अरण म्हणतात. मामा भावाची वाट बघत रोज त्या अरणीभोवती फिरायचा, एखादा बटाटा सडला तर शेजारचे दहा घेऊन जातो म्हणून नाकाने हुंगत.

वेचून झालेल्या रानात जे राहिलं ते आम्हा पोरांचं. त्याला सरवा म्हणायचे. उन्हात ढेकळं फोडत फिरायचं, हाताला लागला बटाटा की फ्रॉकच्या ओच्यात टाकायचा. मोठी मंडळी दिवसभर पोत्यांचा हिशोब करायची, पण सरव्याचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही, असा तिथला नियम. विकून गोळ्या खा, नाहीतर चुलीत भाजून खा.

तर ते डोक्यात ठेवून मी पुण्यात पहिल्यांदा बटाटे लावले ते मार्चमध्ये, कारण कांदा-बटाट्याच्या टोपलीत काही बटाट्यांना मोड आले होते आणि टाकवेनात. काय सुंदर पाला आला म्हणून सांगू, गुडघ्याएवढा, हिरवागार, सोसायटीतल्या बायका बघून गेल्या. मे महिन्यात उपटलं तर खाली बोरांएवढ्या गोट्या. मला वाटलं खत कमी पडलं. मामाला फोन केला तर तो आधी पोटभर हसला. म्हणाला, अगं बटाट्याला रात्रीची थंडी लागते, रात्री गार झाल्या की तो खाली पोसतो, उन्हाळ्यात नुसता पाला वाढवत बसतो. पुढे वाचलं तेव्हा कळलं की मामाचं अगदी बरोबर होतं, रात्रीचं तापमान विसाच्या वर राहिलं की गाठी धरणं मंदावतं, आणि आपल्याकडे एप्रिल संपता संपता ते विसाच्या खाली कुठून राहणार. म्हणून दसरा-दिवाळीच्या मध्ये लावायचे, म्हणजे डिसेंबर-जानेवारीची थंडी बरोबर पोसायच्या वेळेला मिळते. नव्वद ते शंभर दिवस. माझे महाशिवरात्रीच्या आसपास निघतात, त्यामुळे उपासाला घरचे बटाटे, ही मिरवायची गोष्ट. (उपासाच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, दाणे, मिरची आणि बटाटा, चौघेही मूळचे मध्य-दक्षिण अमेरिकेच्या बाजूचे, आणि बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला, पण हे मी सासूबाईंना कधीच सांगितलं नाही.)

टोपलीतले मोडवाले बटाटे लावूच नयेत असं नाही, पण बेणं आणलेलं बरं. मंचरच्या बाजारात पंजाबातून ट्रक भरभरून बेणं येतं. मी लहानपणी विचारायचे, आपल्याकडे एवढा बटाटा होतो तर त्यातलाच का नाही लावायचा? त्याचं उत्तर मला माझ्याच टेरेसवर मिळालं. दोन वर्षं मी घरचेच चांगले बटाटे बाजूला काढून बेण्याला ठेवले. पहिल्या खेपेला बरे आले, दुसऱ्या खेपेला पानं आक्रसली, वळली, झाड खुजं राहिलं आणि वजन निम्म्यावर आलं. मावा नावाची ती हिरवट बारीक कीड पानावर बसते ना, ती नुसता रस पीत नाही, एका झाडाचा व्हायरस दुसऱ्या झाडाला नेऊन देते आणि तो बटाट्यातून पुढच्या पिढीत जातो. पंजाबात थंडीत एक काळ असा असतो की मावा फारसा नसतोच, तेवढ्यात ते बेणं वाढवून घेतात. जातींची नावं बघाल तर कुफरी ज्योती, कुफरी पुखराज, कुफरी चंद्रमुखी, सगळ्या कुफरीच, कारण शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने त्या काढल्या आणि कुफरी हे तिथून जवळचंच ठिकाण. एका जातीचं नाव तर कुफरी लवकर आहे, लवकर तयार होते आणि आपल्या पठाराकडे चांगली येते. मला ते नाव भयंकर आवडतं, मामीने हाक मारल्यासारखं वाटतं.

नर्सरीवाला किलोच्या खाली बेणं देत नाही आणि मला लागतं अर्धा किलो, त्यामुळे निम्मं खालच्या मजल्यावर जातं. कोंबडीच्या अंड्याएवढा असेल तर अख्खाच लावायचा, मोठा असेल तर कापायचा, पण प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे हवेत. कापल्यावर लगेच मातीत घातला की सडलाच म्हणून समजा. मी वर्तमानपत्रावर सावलीत दोन-तीन दिवस ठेवते, कापलेला भाग ओला चकचकीत असतो तो हळूहळू मळकट होतो, बोटाला लागेनासा होतो, वर कातडं धरतं. राख असेल तर फासते, नसेल तर नाही. पिशवीत तीन फोडी, डोळे वर, आणि पिशवी फक्त अर्धी भरलेली.

अर्धी का, तर बटाटा हे मूळ नाही, खोड आहे, आणि लावलेल्या फोडीच्या वरच्या बाजूला मातीतल्या खोडाला फाटे फुटून त्यांच्या टोकाला तो धरतो. म्हणून झाड वीतभर झालं की भर द्यायची, म्हणजे खोडाभोवती वरून आणखी थर चढवायचा, पुन्हा पंधरा-वीस दिवसांनी द्यायची. भर कमी पडली आणि एखादा बटाटा वर डोकावला तर उजेडाने हिरवा होतो, तो नका खाऊ, त्यातलं विष शिजवूनही जात नाही. भर म्हणून मी माती वापरत नाही, कारण ओल्या मातीची एक कुंडी उचलून बघा आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसून बघा, खालच्या घरात ओल आली की पहिलं बोट माझ्या बागेकडे. (ओल पाइपाची निघाली. माफी कुणी मागितली नाही.) कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणते, वाळवून बारीक करून पालापाचोळ्यात मिसळते. हलकं काम.

आणि ते टायरवर टायर रचून मजल्या-मजल्यावर बटाटे काढायचे व्हिडिओ असतात ना, ते मीही केलं. चार फूट उंच झालं, आल्यागेल्याला दाखवलं. बटाटे निघाले ते सगळे तळमजल्यावर, वरचे तीन मजले रिकामे.

सगळ्यात अवघड काम म्हणजे काहीच न करणं. टोमॅटो दिसतो, वांगं दिसतं, दोडका रोज दोन बोटं वाढलेला कळतो. ह्याचं काहीच कळत नाही. एका वर्षी मी दर चार दिवसांनी कडेने बोट घालून चाचपायची, लागला हाताला की बरं वाटायचं, तर त्या पिशवीत सगळ्यात कमी निघाले, बारीक फाटे माझ्याच बोटांनी तुटले असणार. आता जानेवारीत मी त्या बाजूला कपडे वाळत घालायलाही जात नाही.

एकदा जानेवारीत तीन-चार दिवस आभाळ आलं आणि पाऊस भुरभुरला. पानांच्या कडेला पाणी शोषल्यासारखे काळपट डाग, पान उलटं करून बघितलं तर डागाच्या कडेने पांढरी बुरशी, अगदी पिठाची बोटं लागल्यासारखी. करपा. चार दिवसांत दोन पिशव्या गेल्या, उकडल्यासारखा पाला झाला. १८४५ मध्ये आयर्लंडात हाच रोग आला, तिथे गरीब माणूस बटाट्यावरच जगत होता, आणि पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. मी त्या दिवशी दोन पिशव्यांचं दुःख करत बसले होते, आणि आमच्याकडे कुकरला भात लावलेला होता.

पाला पिवळा पडून आडवा झाला की तो कापून टाकायचा, पाणी बंद करायचं आणि आठ-दहा दिवस आत तसेच राहू द्यायचे, म्हणजे साल घट्ट होते. एखादा आधीच काढलात तर अंगठ्याने नुसतं पुसलं तरी साल निघते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. असे कोवळे चार-पाच मी मुद्दाम काढते काचऱ्यांसाठी, ते टिकत नाहीत, त्याच दिवशी खायचे. बाकीचे जुन्या साडीवर पिशवी उपडी करून. आधी सगळी भुसभुशीत माती सांडते, मग एक दिसतो, मग एकदम सात-आठ. मध्येच हाताला काहीतरी लिबलिबीत लागतं, ती आपण लावलेली फोड, आतलं सगळं संपून नुसतं कातडं उरलेलं.

नंतर त्या पिशव्यांत टोमॅटो, वांगी, मिरची नाही लावायची, सगळी एकाच घराण्यातली, एकाचा रोग दुसऱ्याला. मी कोथिंबीर नाहीतर घेवडा टाकते. गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि कोथिंबिरीच्या मधोमध एक जाडजूड, काळपट हिरवं डोकं वर आलं. फेब्रुवारीत माझ्या हातून राहून गेलेला असणार कुठेतरी तळाशी. काढलेला बटाटा दोन-अडीच महिने झोपतो, तेव्हा काही केलं तरी उगवत नाही, ह्याने झोप काढली आणि पाऊस बघून उठला. हे म्हणाले, उपट, कोथिंबीर दबतेय. नाही उपटला. ऑगस्टमध्ये करप्याने पाला गेलाच. उकरलं तर तीन निघाले, सगळ्यात मोठा लिंबाएवढा. गॅसवर भाजले, मीठ लावून उभ्या उभ्या खाल्ले. वहीत नाही लिहिले. सरवा तो.