कॉवन ते ब्रुकलिन : आधी उतार, मग चढ

सह्याद्रीत भटकणाऱ्याच्या अंगात एक हिशेब मुरलेला असतो : पायथ्याच्या गावातून निघायचे, पाय ताजे असताना चढून घ्यायचे आणि दमल्यावर उतरायचे. सिडनीच्या उत्तरेकडील कॉवन ते ब्रुकलिन ही सुमारे १३ किलोमीटरची रानवाट मी आणि माझी नणंद गेल्या ऑक्टोबरात याच हिशेबाने चालायला निघालो आणि पहिल्या तासाभरातच तो हिशेब उलटा असल्याचे लक्षात आले.

सिडनी ते न्यूकॅसल अशी सुमारे २५० किलोमीटरची ‘ग्रेट नॉर्थ वॉक’ नावाची पायवाट १९८८ साली खुली झाली. कॉवन–ब्रुकलिन हा तिचाच एक तुकडा. त्याची मोठी सोय अशी की दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक आहे. कॉवन स्थानक मात्र सुमारे २०० मीटर उंचीवर, पठाराच्या धारेवर आहे. या भागात डोंगर वर आलेले नाहीत, तर वालुकाश्माचे सलग पठार नद्यानाल्यांनी खोलवर चिरत नेले आहे. शिवाय शेवटचे हिमयुग सरताना समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने वाढली आणि त्या दऱ्यांचे तळ खाऱ्या पाण्याखाली गेले. त्यामुळे चालणारा माथ्यावरून निघतो, थेट समुद्रसपाटीला उतरतो आणि खरी चढण ऊन डोक्यावर आल्यावर सुरू होते.

तयारीत आम्ही काही गोष्टी नीट केल्या होत्या. त्या दिवशी वणव्याचा इशारा नाही आणि वाट बंद नाही याची खात्री केली, कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी लिहून ठेवले, आणि घळीत फोनला रेंज मिळेल हे गृहीत न धरता नकाशा आधीच उतरवून घेतला. चूक झाली ती पाण्याच्या बाबतीत. दोघींकडे मिळून चार लिटर पाणी होते आणि नकाशावर ठिकठिकाणी निळ्या रेघा दिसत असल्याने वाटेत भरून घेऊ, असे मीच ठरवून टाकले होते.

स्थानकासमोरचा महामार्ग पादचारी पुलावरून ओलांडला की वाट लगेच रानात शिरते. साल सोलून निघाल्यामुळे नारिंगी-गुलाबी दिसणारे अँगोफोराचे बुंधे, आणि पतंगाच्या अळ्यांनी सालीखाली पोखरलेल्या नागमोडी रेघांमुळे कोणीतरी मोडी गिरवल्यासारखे दिसणारे स्क्रिब्ली गम, यांच्यात नणंद बराच वेळ रमली. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या तिला या उताराचे काही वाटले नव्हते. पण सह्याद्रीचा बेसाल्ट आणि हा दगड यांत फरक आहे. कोरडा बेसाल्ट बूट धरून ठेवतो, तर वीस कोटी वर्षांहून जुन्या या वालुकाश्माची वरची पातळ कपची सुटून तिची वाळू होते आणि उतरत्या कातळावर ती वाळू सांडलेल्या ज्वारीसारखी पायाखाली घरंगळते. दोनदा बसून उतरावे लागले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

जेरुसलेम बे हा खाडीचा फाटा खाली दिसला तेव्हा मी बाटल्या काढल्या. काठाला खारफुटी आणि खडकांना चिकटलेली कालवे दिसताच त्या परत ठेवल्या. माझे माहेर कोकणातले, त्यामुळे ते पाणी चाखून पाहण्याची गरज नव्हती. पुढचे ओढेही आटून डबक्यांवर आले होते आणि त्यांतले पाणी उकळल्याशिवाय पिण्याजोगे नव्हते. दर अर्ध्या तासाला चार घोट असा नियम आम्ही तिथेच ठरवला. वाटेत गाव नाही, वाडी नाही, ‘मामा, अजून किती?’ असे विचारावे असा माणूस नाही. नळीची वाट परवडली पण हे ओकेबोके एकाकीपण नको, असे नणंदेने पुढे कबूल केले.

खाडी सोडल्यावरची चढण हातांचा आधार घेतल्याखेरीज जमली नाही. धार गाठली तोच वाट पुन्हा एका ओलसर घळीत उतरली आणि जे कमावले ते सगळे गेले; तेथून परत वर. गुडघे नव्हे, तर मनच या दुसऱ्या उतरणीला कुरकुरते. त्या घळीत नेच्यांच्या सावलीत बसलो असताना जवळजवळ दीड मीटर लांबीची एक घोरपड आमच्या चाहुलीने झाडावर सरसर चढली, तेव्हा नणंद म्हणाली, “वहिनी, दोर आणलात का?” उठल्यावर मोजे तपासले तर माझ्या घोट्याला जळू लागलेली होती. ती नखाने सरकवून काढली; रक्त बराच वेळ वाहिले, एवढाच त्रास.

दुसऱ्या चढणीनंतर वाट रुंद आणि सपाट होते आणि पुढे ब्रुकलिनचे धरण लागते. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी ते बांधलेले. ब्रुकलिनहून कॉवनकडे येणारा रेल्वेचा चढ चाळिसास एक आहे आणि आपल्या बोरघाटाप्रमाणे येथेही गाड्यांना मागून ढकलणारे इंजिन लावावे लागे, हे आधी वाचले होते. त्या दिवशी त्या इंजिनांविषयी आपुलकी वाटली. ब्रुकलिनला हॉक्सबरी नदीवर १८८९ चा पूल होता. १९४६ साली शेजारी नवा पूल झाल्यावर तो काढला, पण त्याचे दगडी खांब अजून पाण्यात उभे आहेत. आम्ही त्यांच्याकडे फारसे पाहिले नाही. आधी नळ शोधला.

सकाळी साडेआठला निघून स्थानकावर पोहोचायला पावणेतीन वाजले होते. परतीची गाडी सुटली, वळणे घेत चढू लागली आणि नणंदेने बूट सैल करून डोळे मिटले, तोच कॉवनची पाटी आली. मी घड्याळ पाहिले. जेमतेम दहा मिनिटे झाली होती.